हिरवं दिसतंय का?

मगदूम सर अनोळखी माणसाकडे त्याचा फोन मागायचे.

एसटीत, दवाखान्यात, चहाच्या गाड्यावर, कुठंही. शेजारच्या माणसाचा फोन जुना, काचेला तडा गेलेला किंवा कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा दिसला की सरांचं आपल्या बोलण्यावरचं लक्ष उडायचं. एकदा आम्ही सांगलीहून साताऱ्याला चाललो होतो. पलीकडच्या सीटवर सुट्टीवर आलेला एक फौजी, पायाशी ट्रंक ठेवून बसला होता. सर त्याच्याकडे वाकले.

"पाव्हणं, जरा तुमचा फोन बघू का?"

"का?"

"एक पान उघडायचंय. लगेच देतो."

फौजीनं फोन खिशात घातला. "पान-बिन काय न्हाई. कुठलं तुमी?"

"पलूसचा. मगदूम. हे बघा, माझा फोन तुमी धरा, तुमचा मी धरतो. चालत्या गाडीतनं मी पळून जाणार कुठं?"

हे त्याला पटलं असावं. फोनांची अदलाबदल झाली. सरांनी त्याच्या फोनवर आपलं ते पान उघडलं. पांढऱ्या चौकोनात एक पिवळं वर्तुळ, एक आकाशी वर्तुळ, आणि दोन्ही एकमेकांवर थोडी चढलेली. फोन त्याच्या नाकापुढं धरून सरांनी विचारलं, "मधी हिरवं दिसतंय का?"

"दिसतंय की."

"नक्की? पिवळंच न्हाई न्हवं?"

"आवं, हिरवं हाय म्हणतोय! भरतीच्या वक्ताला रंग तपासून घेत्यात आमचं."

सर एवढे खूश झाले की कराड येईपर्यंत त्यांनी त्या बिचाऱ्याला रंगांचा गुणाकार समजावून सांगितला. कराडला तो उतरला तेव्हा मला वाटलं, ह्याचं गाव पुढं आहे, पण हा इथंच उतरतोय.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, एका बेदाण्याच्या गोदामाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. मी चित्रकार. साताऱ्याकडची, सांगलीत लग्न होऊन आलेली. सर प्रोग्रामर. बाकीची माणसं येत-जात असायची, टिकत नसत. सरांनी पुण्यातली नोकरी सोडून गावाकडं येऊन 'हलचित्र' नावाचं साधन बनवायला घेतलं होतं. ब्राउझरमध्ये उघडायचं आणि कोड-बिड न लिहिता हलती चित्रं करायची. शाळेच्या मास्तरांना आपला धडा आपणच करता आला पाहिजे, मुलाला त्यातली वस्तू बोटानं सरकवता आली पाहिजे, एवढं साधं त्यांचं म्हणणं. मी पानं, फुलं, पक्षी, पंप, पृथ्वी असं काय काय काढून द्यायचे आणि सर ते हलवायचे.

हलवण्याचं काम सुरळीत चालायचं. सगळं घोडं अडायचं ते रंगावर रंग ठेवण्यापाशी.

ब्राउझर चित्र काढायला एक कोरा चौकोन देतो, त्याला कॅनव्हास म्हणतात. त्यात एका रंगावर दुसरा रंग पडला की काय व्हावं हे सांगायच्या रीती असतात, त्या म्हणजे ब्लेंडिंग मोड. वरच्यानं खालच्याला झाकून टाकायचं, ही रोजची रीत. मल्टिप्लाय ही दुसरी. रंगीत काचेवर रंगीत काच धरल्यासारखी. आकाशीवर पिवळी ठेवली की मधे हिरवं दिसणार. आता काही ब्राउझरांना ही रीत माहीतच नव्हती. त्यालाही सरांची हरकत नव्हती. त्यांची हरकत वेगळीच होती. ज्या ब्राउझरला मल्टिप्लाय माहीत नाही त्याला ते करायला सांगितलं, तर तो नाही म्हणत नाही, चूक दाखवत नाही, थांबत नाही. ऐकलंच नाही असं करून जुन्याच रीतीनं रंग झाकत पुढं जातो.

"आरं, न्हाई जमत तर न्हाई म्हण की लेका!" सर स्क्रीनला म्हणायचे. "गप्प का बसतोस? माणसानं समजायचं काय?"

त्याच्यावर उपाय होता. सांगितलेलं काम त्यानं मनावर घेतलं की नाही, हे त्यालाच परत विचारून बघता यायचं. पण काही फोन असे निघाले, की विचारलं तर 'हो, मल्टिप्लाय' म्हणायचे आणि पडद्यावर मात्र भलतंच काढायचे. म्हणून सरांना प्रत्येक फोनवर माणसाचे डोळे लागायचे. म्हणून ती भीक मागणं.

सर रागावले की कानडीत पुटपुटायचे. त्यांचं आजोळ सीमेपलीकडचं. त्याचा अर्थ विचारला की म्हणायचे, "जप हाय." ह्या जपात दुपारच्या दुपार जायची. मग उन्हं कलली की ते एकदम लॅपटॉप मिटायचे आणि डबा उघडायचे. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, हा घरचा नेम त्यांनी पुण्यातही मोडला नव्हता. कितीही महत्त्वाचं काम असो. एकदा एका परदेशी ब्राउझरवाल्यांशी मोठ्या मिनतवारीनं कॉल ठरला होता आणि तो नेमका सूर्यास्ताच्या वेळी आला. सरांनी कॅमेरा बंद केला आणि भाकरी खात खात त्यांच्याशी भांडले. पलीकडच्या बाईंनी मधेच विचारलं, लाइनवर कसला आवाज येतोय? सर म्हणाले, "नेटवर्क." ती मिरची होती.

त्या ब्राउझरवाल्यांच्या तक्रारखिडकीत सर नित्य लिहायचे. इंग्रजी पाठवण्याआधी मला वाचायला द्यायचे, कारण माझ्या हातून त्यातली विशेषणं कमी व्हायची. उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, आमच्याकडे असं होत नाही.

"तुमच्याकडं कसं हुईल?" सर ओरडायचे. "तुमचा फोन तुमच्या कंपनीनं दिलाय! पलूसला या. बाजारातनं फोन घ्या. त्याच्यावर दोन वर्षं पोरांना गेम खेळू द्या. मग उघडा."

एकदा तक्रार बंद झाली. का, तर अशी तक्रार आधीच कुणीतरी केली आहे, तिकडे पाहा. सरांनी तिकडे पाहिलं. ती जुनी तक्रारही बंद होती. का, तर अशीच नवी तक्रार आली आहे, तिकडे पाहा. ती नवी म्हणजे सरांचीच. सर बराच वेळ त्या दोन पानांवरून इकडून तिकडे जात राहिले. मग उठले, खाली गोदामात जाऊन मूठभर बेदाणे घेऊन आले आणि एकेक खात खिडकीशी उभे राहिले. त्या दिवशी जपसुद्धा नाही.

त्यांच्या पत्नी, सुजाता वहिनी, पलूसच्या शाळेत शिकवायच्या. कधी सांगलीला आल्या की माडीवर यायच्या. मला म्हणाल्या होत्या, "दुनियेला विचारत फिरत्यात हिरवं दिसतंय का, हिरवं दिसतंय का. मी आज कुठल्या रंगाची साडी नेसलेय ते विचारा बघू त्यास्नी."

सर मान वर न करता म्हणाले, "निळी."

ती निळी नव्हती.

तासगावात सरांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हाचा किस्सा वहिनींनीच सांगितला. एका कार्यालयात एवढे फोन एका ठिकाणी म्हणजे सरांना पर्वणीच. जेवणाच्या रांगेत उभे राहून त्यांनी पुढच्या-मागच्यांचे फोन मागायला सुरुवात केली. घरच्यांना सवय होती, त्यांनी दिले. पण नवऱ्याकडची माणसं बिथरली. हल्ली फोन हातात घेऊन काय काय करतात हे सगळ्यांनी ऐकलेलं. थोड्या वेळानं माइकवरून सूचना झाली, "मंडपात एक गृहस्थ लोकांकडं मोबाइल मागत फिरत आहेत, तरी पाहुण्यांनी आपापले मोबाइल सांभाळावेत."

सर रांगेतल्या शेजाऱ्याला काळजीनं म्हणाले, "बघा, काय लोक असत्यात. तुमचा दाखवा बरं जरा."

वहिनी हे हसत हसत सांगत होत्या, पण शेवटी म्हणाल्या, "व्याह्यांच्या फुडं मान खाली घालून जेवले मी. पण ह्यांना म्हाईतच न्हाई ती सूचना कुणाबद्दल होती. अजून सांगितलं न्हाई मी."

साताऱ्यातल्या एका संस्थेचं काम आलं तेव्हा आम्हाला वाटलं, चला, आता दिवस पालटले. खेड्यापाड्यातल्या शाळांना टॅब द्यायचे आणि त्यात विज्ञानाचे धडे. संस्था एक निवृत्त कर्नल चालवायचे. उंच, ताठ, अर्धं हिंदी बोलणारे. हलचित्र बघून ते एवढंच म्हणाले, "मगदूम, बच्चे खुद करेंगे, हे मला आवडलं. मास्तरही खुद करेंगे. कामाला लागा." त्यांनी नमुन्याचे काही टॅब आमच्याकडं पाठवले. बाकीच्यांची खरेदी तुमचं काम जमल्यावर करू, म्हणाले.

टॅब कुणाच्या तरी जुन्या साठ्यातले होते. आत बसवलेला ब्राउझर जुना आणि तो बदलायची सोय नाही. सरांनी ते पान उघडलं. पिवळं आणि आकाशी. मधे हिरवं नाही. पिवळं सरळ आकाशीवर चढून बसलेलं.

पहिलाच धडा रंगीत काचांचा होता. खाली जास्वंदीचं चित्र, बाजूला रंगीत काचा. मुलानं बोटानं काच उचलून चित्रावर ठेवायची आणि कुठल्या काचेतून काय दिसतं ते बघायचं. लाल काचेतून हिरवं पान काळं दिसतं, हा त्या धड्याचा गाभा. टॅबवर लाल काच ठेवली की जास्वंदही नाही आणि पानही नाही. नुसता लाल चौकोन.

"थोडं पारदर्शक करू या ना सर," मी म्हटलं.

त्यांनी करून दाखवलं. निळ्यावर अर्धपारदर्शक पिवळं ठेवल्यावर मधे मळकट, राखाडी असलं काहीतरी झालं. पोतेऱ्याचा रंग. "हे शिकवायचं पोरांना? निळं आणि पिवळं मिळून फडकं हुतंय?"

मग मी म्हटलं, ह्या एका धड्यापुरती मी प्रत्येक काचेखालची जास्वंद वेगळी रंगवून देते. काच सरकली की तेवढाच तुकडा दाखवायचा. कुणाला कळणारही नाही.

"आणि लोणंदच्या शाळेतल्या त्या बाईनं जास्वंदीऐवजी स्वतःच्या अंगणातला फोटो टाकला तर? तवा तू जाणार हायस लोणंदला रंगवायला?"

म्हणणं खरं होतं. पण पहिला धडा तरी वेळेवर गेला असता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. सर हट्टाला पेटले. ब्राउझर गुणाकार करत नाही ना, मग मी करतो. चित्राचा एकेक ठिपका घ्यायचा, काचेच्या रंगाशी गुणायचा, परत ठेवायचा. त्यांनी ते लिहिलं आणि रंग आला. लाल काचेखाली पान काळं झालं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग सरांनी काच सरकवली. बोट पुढं गेलं आणि काच मागून, उन्हात चालणाऱ्या म्हशीसारखी. टॅब एवढा तापला की टेबलावर उताणा ठेवावा लागला.

तिथून पुढचे महिने कसे गेले ते आठवलं तरी माझं डोकं दुखतं. सर चित्र बारीक करायचे, पुन्हा मोठं करायचे, काच हलत असताना रंग सोडून द्यायचे, थांबली की भरायचे. काच सरकायला लागली की रंग बिघडे, रंग जमला की काच अडके. आणि ह्यात कर्नलसाहेबांचा फोन.

"हां मगदूम, हो जायेगा?"

"होईल साहेब. पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात परत फोन. "कुठपर्यंत आलं?"

"थोडंच राहिलंय साहेब."

एकदा हे चालू असताना सुजाता वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "हुतंय का ते खरं?"

"थोडं राहिलंय."

"दिवाळीलाबी थोडंच राहिलं हुतं. होत नसंल तर सांगा की त्यास्नी, न्हाई हुत म्हणून."

"न्हाई कसं म्हणू? न्हाई म्हटलं तर संपलंच की."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी डब्याकडं बघितलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर साताऱ्याला शिक्षकांची बैठक ठेवली होती. संस्थेच्या हॉलमध्ये तालुक्यातालुक्यातून आलेल्या बाया-मास्तर. टेबलावर टॅब. कर्नलसाहेब पहिल्या रांगेत. सरांनी हलचित्र कसं चालतं ते लॅपटॉपवर दाखवलं, सुंदर दाखवलं. सगळे खूश. मग लोणंदच्या जाधवबाई उठल्या. आम्ही नेहमी 'लोणंदच्या बाई' म्हणायचो त्या ह्याच. सरांचं साधन वापरून त्यांनी खरोखरच स्वतःचा धडा केला होता. अंगणातल्या कढीपत्त्याचा फोटो टाकून. त्यांनी तो टॅबवर उघडला आणि लाल काच बोटानं ओढली. काच गचके खात आली, फोटोवर बसली आणि टॅबचा दम संपून ठिपक्यांचा हिशेब अर्ध्यातच राहिला. नुसता लाल चौकोन.

"सर," बाईंनी अगदी साधेपणानं विचारलं, "पान कुठं गेलं?"

सर उभे राहिले. ब्राउझर कुठल्या काळचा, टॅबची ताकद किती, गुणाकार कसा होतो असं काय काय बोलायला लागले. मास्तर मंडळी मान हलवत होती. कर्नलसाहेबांनी हात वर केला.

"मगदूम, एक बात बताओ. ह्या टॅबवर हे होणार का? हो की नाही?"

मला वाटलं, आता म्हणतील, थोडं राहिलंय.

"नाही," सर म्हणाले. "ह्या टॅबवर कधीच नीट होणार नाही."

"कब से पता है?"

"पहिल्या दिवसापासनं."

कर्नलसाहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरचा एक टॅब उचलून हातात घेतला. "अरे, मग तेव्हाच बोलायचं ना यार," ते म्हणाले. "मी दुसरे टॅब बघितले असते. मला काय ह्याच टॅबचं पडलंय? तू होईल म्हणालास म्हणून सगळा लॉट उचलला मी. गेल्याच महिन्यात."

सर खाली बसले. जाधवबाईंनी टॅब हळूच पालथा ठेवला, जसं काही चूक त्यांचीच होती.

परत येताना एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. उंब्रज गेलं, कराड गेलं. सरांनी कुणाचाही फोन मागितला नाही. पेठनाक्याच्या अलीकडं ते एकदम म्हणाले, "साहेबांनी विचारलं हुतं गं. दर आठवड्याला विचारत हुते."

"हो सर."

"मी नुसतं होईल म्हणत बसलो."

थोड्या वेळानं त्यांचा आवाज चढला. "पण त्या ब्राउझरनं तरी सांगायला पायजे हुतं का न्हाई? पयल्यांदा कोण गप्प बसलं?" पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून आमच्याकडं बघितलं.

संस्थेनं रंगांचा धडा पुण्याच्या कुणाकडून व्हिडिओ करून घेतला. त्यात काच आपली आपण सरकते, मुलानं फक्त बघायचं. बाकी साधे धडे, ज्यात रंगावर रंग नव्हता, ते आमचेच राहिले. पण सरांना त्यात गोडी उरली नाही. मी पुढं साताऱ्याला एका छापखान्यात डिझाइनचं काम धरलं आणि सांगली सुटली. सासर सांगलीत, काम साताऱ्यात, अशी माझी फरफट सुरू झाली ती वेगळी गोष्ट.

मधे एकदा माडीवर गेले होते. सर एकटेच होते. आता बाजारातला कुठलाही फोन घ्या, मल्टिप्लाय सगळीकडं चालतं, असं सांगत होते. आनंदानं नव्हे. "आपोआप झालं बघ," ते म्हणाले. "मी मागं लागलो म्हणून न्हाई. जुने फोन मेले, नवे आले. मी एवढी वर्षं कुणाशी भांडत हुतो?" आणि माझ्यासमोर त्यांनी तो ठिपक्या-ठिपक्याचा गुणाकार, ते सगळे महिने, निवडून पुसून टाकला. काढल्यावर हलचित्र चालतंय का बघितलं. चालत होतं. तसूभरही फरक पडला नव्हता. त्यांनी कानडीत काहीतरी म्हटलं. मी अर्थ विचारला नाही.

नंतर ऐकलं की ऑफिस बंद झालं, सर घरच्या द्राक्षबागेकडं बघतात, एका कॉलेजात शिकवायलाही जातात. बोलणं कमी होत गेलं. जाधवबाईंची मात्र कधीमधी खबर असते. त्या अजून हलचित्रावर धडे करतात. सरांनी ते त्यांच्यासाठी चालू ठेवलंय म्हणे. एकट्या त्यांच्यासाठी.

गेल्या वर्षी मी पलूसवरून चालले होते. स्टँडवर गाडी थांबली. दोन-तीन गाड्या ओळीनं उभ्या, गर्दी, पेरूवाले. आणि समोर, खतांच्या दुकानाच्या पायरीवर मगदूम सर. केस बरेच पांढरे झालेले. शेजारी सुजाता वहिनी पिशवीत काहीतरी भरत होत्या आणि सर पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरून उभे होते. तेवढंच काम असल्यासारखे, मन लावून.

मी खिडकीतून हाक मारली. "सर! मगदूम सर!"

त्यांनी ऐकलं. मान वर केली. गाड्यांच्या ओळीवरून नजर फिरवली, डोळे बारीक केले. मी हात बाहेर काढून हलवला. आमची गाडी हलली होती. सरांनी एक हात पिशवीवरून काढला, जरा घुटमळले आणि आमच्या शेजारच्या गाडीकडं बघून हात केला. अगदी मनापासून. त्या गाडीतल्या कुणीतरी त्यांना परत हात केला.